शून्य मृत्यूंचं गाव

न्हाई न्हाई ताई, असं मधूनच सुरू करू नका – आधी विषय, मग संदर्भ, मग मजकूर. एकतीस वर्षं कारकुनी केली मी, सवय हाय. तर विषय : करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गावात मेलेल्या माणसांची संख्या. संदर्भ : तुमच्या तक्त्यातला अकरावा रकाना, ज्यात तुमी आत्ताच शून्य भरलंत. मजकूर सांगतो, बसा. पुण्याहून आलात, केजपासून जीपमध्ये दाटीवाटीनं आलात, पाणी तरी प्या. शून्य आणलंत कुठून? पंचायतीच्या दप्तरातून. बरोबर हाय, दप्तरात तेच हाय. ठराव वाचलात ना – ‘ग्रामस्थांच्या अभूतपूर्व एकोप्यामुळे गावात आजतागायत एकही बळी गेलेला नाही.’ वाक्य चांगलं हाय. ‘आजतागायत’ तर लईच चांगलं.

आता तुमचे प्रश्न परत वाचा बरं. साठीच्या वरचे किती, शिकलेले किती, दवाखाना किती लांब, एका खोलीत निजतात किती – इथवर ठीक. आणि शेवटी, गावात एकोपा आहे का, एक ते पाच गुण द्या. जिथं एकोपा जास्त तिथं मृत्यू कमी, असं दिसतंय म्हणता? दिसणारच. पाचपैकी पाच लिहा आमाला, सहा देता येत असतील तर सहा लिहा. वर्षाला सात-आठ मयती होणारं गाव हे – त्या एप्रिल-मेमध्ये एकोणीस माणसं गेली, आणि एका तोंडातून करोना हा शब्द निघाला न्हाई. याला एकोपा म्हणायचं न्हाई तर कशाला म्हणायचं? दहाजणांचं हृदय बंद पडलं, सातजण वृद्धापकाळानं गेले, दोघं अल्पशा आजारानं. त्या वृद्धापकाळात आधी बजरंगही होता. वय चव्वेचाळीस. मी ग्रामसेवकाला म्हटलं, अरे, ह्या वयात हत्तीसुद्धा म्हातारा होत न्हाई, याचं तरी हृदय बंद पाड. मग त्यानं पाडलं.

हसा, हसा. मीही तेव्हा हसलोच होतो.

कावून लपवलं म्हणता? सरपंच अमरसिंहाला गाव करोनामुक्त म्हणून मिरवायचं होतं, हे एक. दुसरं, रुग्ण निघाला की गावाला पत्रे ठोकणार, बाजार बंद, सोयरीक बंद. लोकांना ताप चालत होता, पत्रे चालत न्हवते. आणि बाहेरच्याची भीती म्हणाल तर – कारखान्यावरून ऊस तोडून आलेली बारा कुटुंबं आमी शिवेवर अडवली, लेकराबाळांसकट. महिनाभर माळावर पालं टाकून राहिले. पाणी लांबून ठेवायचो आमी, महारोग्याला ठेवावं तसं. इकडं गावात अमरसिंहाच्या पुतणीचं लग्न झालं, तीनशे पान उठलं, वरमाईनं सगळ्यांना पोटाशी धरलं. मग मेलं कोण? माळावरचं एकही माणूस मेलं न्हाई. गावानं ज्याला हाकललं ते वाचलं, गावानं ज्याला जवळ घेतलं ते गेलं. ह्याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात? – न्हाई, राहू द्या, पुण्याला गेल्यावर बघा.

आणि हा सातवा रकाना, धर्म-जात. लिंगायत लिहिलंत, पुढं गेलात. थांबायचं होतं तिथं. आमच्यात माणूस जाळत न्हाईत, ताई. बसवून पुरतात – कपाळाला भस्म, हातात इष्टलिंग, जंगम स्वामी समोर. आणि तेव्हा दवाखान्यात गेलेलं माणूस घरी येत न्हवतं. प्लॅस्टिकात गुंडाळून, सगळ्यांबरोबर एका ओळीत, जाळायचे. शेजारच्या गावचा एकजण तसा गेला. ते ऐकल्यापासून आमच्या आळीत कुणाला ताप आला की आधी दार लावून घ्यायचे, औषध मग. दवाखाना एकोणचाळीस किलोमीटर, हे तुमी मोजलंत. लोक तिथं गेले कावून न्हाईत, हे विचारलं न्हाई.

माझी बायको? शिवगंगा. तो फोटो तिचाच. तिनं तापाच्या तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून सांगितलं, “मला तिकडं नेऊ नका. बसवून ठेवा मला, जाळू देऊ नका.” आता बाईमाणूस तापात काय वाट्टेल ते बोलतं, ते ऐकायचं असतं का? शिकलेल्या माणसानं? कपाटं भरून पुस्तकं वाचलेल्या माणसानं? शनिवारी आशाताई आली, योगिता – घरोघर फिरत होती पोरगी, बोटाला लावायचं ते यंत्र घेऊन. चौऱ्याऐंशी आलं. म्हणाली, “अप्पा, आज नेलं तर वाचतील.” आणि वहीत लिहायला लागली.

मी म्हटलं, “योगिता, हे वहीत लिहू नकोस.”

कारण – ऐका ना – कारण सोमवारी तो करोनामुक्तीचा ठराव तालुक्याला जायचा होता. अमरसिंह शुक्रवारीच येऊन बसलता, अप्पा, मसुदा तुमच्याच हातचा पाहिजे, तुमच्यासारखं मराठी तालुक्यात कुणाचं न्हाई. आणि मी लिहीत होतो ताई, ह्याच टेबलावर. ती त्या आतल्या खोलीत. धाप ऐकू येत होती. ‘आजतागायत’ लिहावं का ‘अद्यापपर्यंत’, एवढ्यावर मी अर्धा तास घालवला. तिनं पाणी मागितलं तर म्हटलं, आलो, एवढी ओळ होऊ दे.

ठराव सोमवारी गेला. ती मंगळवारी गेली.

बसवून पुरली, आपल्याच शेतात, जशी मागितली तशी. सगळं गाव आलं, तोंडाला एक फडकं न्हाई कुणाच्या. माझ्या गळ्यात पडून रडले. त्यातले चौघं पुढच्या पंधरवड्यात गेले – हृदयविकारानं. तिच्या दाखल्यावर काय लिहायचं ते ग्रामसेवकानं मलाच विचारलं. मी सांगितलं ते त्यानं लिहिलं.

म्हणून म्हणतो, अकराव्या रकान्यात एक लिहा. बाकीच्या अठरांचं त्यांच्या घरचे बघतील, न बघतील. एक लिहा. – कागद लागेल. ठाऊक हाय. दाखला बदलायला गेलो तेव्हा कचेरीतले साहेबही तुमच्यासारखंच अदबीनं बोलले. चाचणीचा अहवाल? न्हाई. डॉक्टरची चिठ्ठी? न्हाई. आशाताईची वही? वही आणवली, तर त्या शनिवारी आमचं घर कोरं – पोरगीनं माझं ऐकलं होतं. आणि मग त्यांनी विरुद्ध पुरावा म्हणून तो ठराव पुढं ठेवला. मी वाचला. एकतीस वर्षं लोकांच्या अर्जांत चुका काढल्या मी, त्या कागदात मला एकही चूक काढता आली न्हाई.

तुमचा अहवाल छापून येईल, त्यात आमचं गाव आदर्श म्हणून येईल. पुढच्या साथीत कुणीतरी ते वाचून म्हणेल, यांच्यासारखा एकोपा ठेवा. ठेवतील. ठेवू द्या. – न्हाई, माफी कशाची मागता, तुमी माझं वाक्य उतरवून घेतलंत, एवढंच. अमरसिंहाकडं जाणार का आता? जा. तो चहा चांगला देतो, प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय तेही दाखवील. उठा, शेवटचं तेवढं लिहून घ्या.

दाखल्यावरचं मृत्यूचं कारण बदलून मिळावं, असा अर्ज दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत दिला हाय. तीन स्मरणपत्रं दिली. पोच हाय. अर्ज प्रलंबित हाय.