कॅप्टनच्या नावाने गेलेले कागद

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाखाप्रमुख मॅडम रोसालिंडा, आशीर्वाद द्यायला मुद्दाम आलेले फादर अमादो, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, कचेरीची यंत्रं सांभाळणारे आपल्या सगळ्यांचे थोरले दादा मानोंग क्रिस्पुलो, त्यांच्या पत्नी, आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मला बोलता येत नाही, म्हणून लिहून आणलं आहे. तिकडे जेवणाच्या टेबलावर शेवयांचा पान्सित थंड होतोय हेही मला दिसतंय. थोडक्यात आटोपते.

जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या आपल्या कचेरीत मी सोळा वर्षं दुसऱ्यांचे कागद स्कॅन करून पाठवत आले. दीड वर्षापूर्वी स्वतःच्या नवऱ्याचे पाठवायची वेळ आली. नोनितो दूरच्या एका बंदरात, जहाजावरच, हृदय बंद पडून गेला. त्याला घरी आणायचं तर माझं संमतिपत्र आणि लग्नाचा दाखला गुरुवारी दुपारी बाराच्या आत मनिलाच्या मुख्य कचेरीत पोचायला हवे होते. नाही पोचले तर त्याला तिथेच पुरणार होते.

आणि त्याच आठवड्यात आपल्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं. आठवतंय ना?

त्या गुरुवारी सकाळी नऊला मी कागद स्कॅनरवर ठेवले. पडद्यावर ‘पाठवले’ असं आलं. मनिलाहून फोन आला, काहीच मिळालं नाही. पुन्हा ठेवले. पुन्हा ‘पाठवले’. संगणकावरून ई-मेल केला, तो तिथेच अडकून बसला. शेजारच्या टेबलावरच्या जोवेलिनने मोबाईलवर फोटो काढून स्वतःच्या पत्त्यावरून धाडला. मनिलाचं उत्तर आलं, दाखल्यावर दाबून उठवलेला शिक्का दिसत नाही, आणि कचेरीच्या पत्त्याशिवाय कागद घेत नाही.

मग जोवेलिन मानोंगना हाक मारायला धावली. “मानोंग, मशीन तर म्हणतंय गेलं!”

“मशीनचं काय घेऊन बसलीस? नवरेही म्हणतात, चर्चला गेलो होतो,” मानोंग म्हणाले, आणि मग त्यांना मी दिसले. त्यांनी मान खाली घातली आणि स्कॅनरचं झाकण उघडलं. मला राग आला नाही, मानोंग. हे तेव्हा सांगायचं राहिलं.

वायर काढून झाली, मशीन बंद करून चालू केलं. दहा वाजून गेले. मग मानोंगनी स्कॅनर ज्या खात्यातून मेल पाठवतो ते उघडून पाहिलं. ते आपले जुने साहेब कॅप्टन हालेको यांचं होतं. कॅप्टनना देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यांचं नाव पुसायला आपल्यापैकी कुणाचा हात धजला होता? सगळी कचेरी त्यांच्याच नावाने कागद पाठवत होती. नवं सॉफ्टवेअर म्हणत होतं, खातेदाराच्या फोनवर आकडा पाठवतो, तो टाका. नवं खातं मागितलं तर दोन दिवस लागणार होते.

मला वाटलं, संपलं. मेलेल्या माणसाच्या फोनवर कोण आकडा वाचणार?

मानोंगनी कॅप्टनच्या पत्नीला, आपल्या सगळ्यांच्या थोरल्या ताईंना, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. “मानांग अडेला, कॅप्टनचा फोन आहे का हो अजून?”

“आहे म्हणजे? दर रविवारी चार्ज करते. देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोपुढेच असतो. वाढदिवसाला लोक अजून मेसेज टाकतात.”

“आत्ता त्यावर सहा आकडे येतील. वाचून दाखवा.”

“थांब रे, चष्मा कुठे गेला...”

चष्मा सापडेपर्यंत त्या आकड्याची मुदत संपली. दुसरा मागवला. “चार, एक, सहा... की आठ आहे हा?” मानोंगनी सहा टाकला. चूक. पडद्यावर आलं, आता एकच संधी, नंतर खातं बंद. साडेअकरा झाले होते. मी भिंतीला टेकले होते.

तिसऱ्या वेळी मानोंग हळू आवाजात म्हणाले, “मानांग, फोन खिडकीपाशी न्या. घाई नाही.” घाई नाही! त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली मला दिसत होती. त्यांनी एकेक आकडा दोनदा वदवून घेतला, मग टाकला.

अकरा सेहेचाळीसला मेल गेला. आम्ही कुणी हललो नाही. अकरा एकावन्नला मनिलाहून फोन आला. “मिळालं. शिक्का दिसतोय.”

नऊ दिवसांनी नोनितो घरी आला. त्याच्या आईने त्याचा चेहरा पाहिला.

मानोंग, तुम्ही त्याच्या शवपेटीपाशी रात्रभराच्या जागरणाला आलात, पहाटेपर्यंत बसलात आणि निघालात. मी तुम्हाला दारापर्यंत सोडायला आले नाही, एक शब्द बोलले नाही. दुःखाच्या घराने पाहुण्याला सोडायला जायचं नसतं, त्याचे आभारही मानायचे नसतात, ही आपली रीत. मी ती पाळली. पुढे वर्ष सरलं, मी काळे कपडे उतरवले, आणि तुम्ही रोज समोर असूनही धीर झाला नाही. उद्यापासून तुम्ही समोर नसाल.

म्हणून आज, सगळ्यांसमोर, आभार. नोनितोच्या आईकडूनही.

वाचताना कुठे अडखळले असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि मानोंग, आज मात्र मी तुम्हाला फाटकापर्यंत सोडायला येणार आहे.