त्या गाण्यात घुंगरं आहेत

—हलू नका काकू, रबरी टोपी अजून नीट बसली नाही कानात. हं, आता? स्वतःचाच आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतोय ना? पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतो, दोन दिवसांत कान सरावतो. तुम्ही बोलू नका, ऐकू आलं की नुसतं बोट वर करा. ती टूं-टूंची तपासणी झाली आपली, आता मी गाणं लावणार. बाकीचे कानाचं मशीन बसवणारे टूं-टूंवर भागवतात, मी नाही बाई — बावीस वर्षं मी हेच गाणं लावते, नाताळचं, बाराही महिने. हसलात? हसा, हसा! भर उन्हाळ्यातसुद्धा लावते, लोक म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. पण ऐका तरी. हे चौघं रॉक बँडवाले — एरवी यांची गाणी म्हणजे आग, वादळ, दारूचे पेले, गिटार अशी किंचाळते की शेजारी दार वाजवतात. गाणारा तर घशात खडी भरून आल्यासारखा. आणि एका वर्षी या टग्यांना काय सुचलं? नाताळचं गाणं! सणाला घरी निघालेल्या माणसाचं, मागे लहान मुलांचा कोरस. लोक म्हणाले, म्हातारे झाले, मऊ पडले. मऊ? हा ड्रम ऐका — बोट? शाब्बास! छातीत वाजतो की नाही? आणि त्याच्याखाली ती जाडी गिटार, मांजर घुरघुरतं तशी — तीही आली? वा! हे सोपं होतं, जाडा आवाज सगळ्यांना येतो. आता मी बारीक आवाज वाढवते, थोडा, अजून थोडा. छुन छुन छुन. बर्फातल्या घोड्याच्या गळ्यात बांधतात ना, ती घुंगरं. येतात? नाही? थांबा. आता?

आलं! अहो, डोळे केवढे केलेत! मला तर नाचावंसं वाटतंय — नाही, मी बरी आहे, सकाळपासून अशीच आहे, चहात दोनदा साखर घातली मी. सांगू का? नको, तुमचा वेळ — बरं, सांगते. माझे वडील बॉयलरच्या कारखान्यात होते, चौतीस वर्षं पत्र्यावर रिवेट ठोकत. त्यात कान गेले. जाडा आवाज तेवढा उरला, बारीक सगळा गेला. हे गाणं मात्र जीव की प्राण! स्पीकरवर तळहात ठेवून ऐकायचे. मी लहानपणी म्हणाले, बाबा, घुंगरं किती छान आहेत. ते म्हणाले, कसली घुंगरं? या गाण्यात घुंगरं नाहीत. झालं! पैजा लागल्या, मी ताट सोडून उठले, आईनं दोघांनाही झापलं. आणि मशीन? नाव काढू नका. मी अख्ख्या गावाचे कान दुरुस्त करते आणि घरात — दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ‘मला जे ऐकायचं ते मी ऐकलंय’, एवढंच म्हणायचे. आई गेली, मग आम्ही दोघंच. मी काय करायचे, रात्रीची भांडी घासताना त्यांच्याकडे पाठ करून बोलायचे. सगळं. दिवसभराचं, मनातलं, कुणाला सांगता येत नाही ते. ते मागे टेबलाशी बसलेले, त्यांना काही कळत नाही, माझं मन मोकळं. खरं सांगू का काकू — बाबांना ऐकू येत नाही ही माझी सोयच होती की! मीही कधी फार आग्रह केला नाही मशीनचा. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय, तेही तुमच्याजवळ.

तर गेल्या रविवारी मी अशीच सिंकशी बोलत होते, आणि बोलता बोलता — रडत नव्हते हं, साबण गेला डोळ्यात — खांदे हलले असतील माझे. बाबा उठले, माझ्या पाठीशी आले आणि म्हणाले, ‘रोज तुझे खांदे बोलताना दिसतात. मशीन आण.’ बस, एवढंच! काल आणलं. बसवलं, चालू केलं, आणि ते समोर खुर्ची ओढून बसले, म्हणाले, ‘हं, बोल आता.’ आणि माझी दातखीळ बसली! वीस वर्षं भांड्यांशी बडबडणारी मी! मग काय करते, गाणं लावलं. पहिल्या कडव्यात काही नाही. दुसऱ्यात मुलं आली, तर तोंड वाकडं करून, ‘अगं, ही पोरं बेसूर आहेत! मला वाटायचं काय गोड गात असतील!’ आणि मग एकदम बोट वर, तुमच्यासारखंच. छुन छुन. ‘आहेत की गं,’ म्हणाले. अकरा वेळा लावायला लावलं मला! तिसऱ्या कडव्यात गाणारा शब्द विसरतो आणि मागे कुणीतरी खुदकन हसतं, ते तसंच ठेवलंय रेकॉर्डमध्ये — तिथे तर बाबा इतके हसले की मशीन कानातून पडलं. आणि मी मूर्ख, तरीही बोलले नाही. 

काय बोलायचं होतं? अहो ते — बॅटऱ्या पुरवणारे एक गृहस्थ आहेत, दर गुरुवारी खोकी घेऊन येतात. बायको वारली त्यांची. हेच गाणं गुणगुणतात, भयंकर, एक सूर धड नाही. तीन वर्षं विचारतायत, मग काय ठरलं? आणि मी तीन वर्षं म्हणतेय, बाबांना सांगायचंय, पण त्यांना ऐकू कुठे येतं. आता सांगा, आता काय कारण देऊ?

थांबा हं, फोन. घरचा नंबर? घरून कोण करणार, घरी तर फक्त — हॅलो? बाबा! तुम्ही? तुम्ही फोन केलात? हो, येतंय ऐकू, मला येणारच, तुम्हाला येतंय का? ... नाही, काही नाही झालं, गिऱ्हाईक आहे समोर. ... आत्ता? काल राहिलं ते आत्ता बोलू? बाबा, मी ना — मला लग्न करायचंय. ... बॅटरी नाही, बॅटरी चांगली आहे तुमची! लग्न! ल-ग्न! बॅटऱ्यावाल्यांशी! — अय्या, काकू, सॉरी, कानठळ्या बसल्या तुमच्या. — बाबा? आहात ना? ... हो, वय? बावन्न. ... गातात हो, पण बेसूर. ... रविवारी? जेवायला? — जा हो काकू तुम्ही, मंगळवारी या, आज माझ्याच्यानं काही काम व्हायचं नाही. जा!