शांतारामच्या वहीतली घडी

मंडळी, कुडपणपासून बिरवाडीपर्यंतची माणसं तुम्ही शांतारामच्या शोकसभेला इथं कापड्यात जमलात. मला बोलायला उभं केलंत, कारण मला बोलता येतं. आज मला त्याचीच लाज वाटते आहे.

शांतारामला तुम्ही कारखान्यातला कामगार म्हणून ओळखता. मी त्याला नोटांमुळे ओळखत होतो. आपली पोरं आखातात गेली, जहाजांवर गेली. येताना त्याच्यासाठी तिकडची एखादी नोट आणायची. लोक नोटा देशांप्रमाणे लावतात. शांताराम चित्रांप्रमाणे लावायचा. पक्षी एकीकडे, पूल एकीकडे. आणि सगळ्यांत पुढे काम करणारी माणसं. वहीत प्रत्येक नोटेचं साल आणि तिची अवस्था.

त्यात कंबोडियाची एक जुनी नोट होती. वाकून भात लावणाऱ्या बायांची. तो म्हणायचा, "सर, ही मधली बघा. आमची आयच हाय."

पोलादपूरच्या सभेसाठी मी ती मागून नेली. देताना म्हणाला, "दोन बोटांत धरा. घडी पडली की गेली." आतून सुमनवहिनी म्हणाल्या, "माझ्या साडीची घडी कधी केली नाय, नि ह्या कागदाला बघा कसं जपतात." आम्ही हसलो.

सभेत मी ती नोट उंच धरली. म्हणालो, त्यांनी राबणाऱ्या बाईची पाठ नोटेवर छापली. आपण तिची नोंद कुठं ठेवली? टाळ्या पडल्या. मला चेव आला. मी मूठ आवळली. त्या मुठीत नोट होती, मंडळी.

परत दिली तेव्हा तो ती खिडकीपाशी घेऊन गेला. "सर, घडी पडली हाय."

मी काय म्हणालो? म्हणालो, "आधीचीच असेल. तू नीट पाहिलं नसशील."

ज्यानं ती नोट शंभरदा पाहिली, त्याला मी हे सांगितलं. "असंल," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता तर असंल."

आयुष्यभर मी व्यासपीठांवरून मोठमोठ्यांना जाब विचारला. एका घडीबद्दल मला खरं बोलता आलं नाही.

परवा वहिनींनी वही माझ्यापुढे ठेवली. "सर, ह्यातलं मला काय कळत नाय. तुम्हीच बघा." त्या नोटेपुढे आधी लिहिलं होतं: कोरी, घडी नाही. ते खोडून खाली लिहिलं होतं: घडी एक. आधीचीच. बघताना माझी चूक झाली.

चूक त्याची नव्हती. त्या अख्ख्या वहीत खोटी नोंद एवढी एकच आहे, आणि ती माझी आहे.

वहिनी, ती दुरुस्त करायची परवानगी द्या. तिथं मी माझं नाव लिहितो. वही इथं आहे, पेन आहे. माझं लिहून होईपर्यंत आपण सगळे उभे राहू. कोणी काही बोलू नये. मीही बोलणार नाही.