पेटीचं प्रकरण

न्हाय हो विजयसिंहराव, विसरले न्हाय मी. ती जागा मुद्दामच कोरी सोडली. चारशे बारा पानं हातानं उतरवून काढणारी बाई पहिल्याच पानावर लेखकाचं नाव लिवायचं विसरंल व्हय? — त्या बाजेवर नका बसू, तिची दोरी तुटलीय, हितं सतरंजीवर बसा. बारामतीवरनं शेळगावपतूर यष्टीनं आलात, ते एका नावासाठी. आता नवऱ्याचं नाव बायकोनं कसं घ्यायचं, तुमीच सांगा. आन् तोंडानं घ्यायचं न्हाय ते हातानं लिवायचं व्हय? जीभ तेवढी सोवळी आन् बोटं ओवळी? बत्तीस वर्षं घेतलं न्हाय. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला ज्या नावानं हाक मारत्यात ना, तेच त्यांच्या नावात हाय, म्हणून मी गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना तात्याच म्हणते. एकदोघं रुसले. रुसू देत. — जरा हळू बोला, आत झोपल्यात. झोपल्यात कसले, जागेच हायेत. शिमग्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली, कान तेवढे शाबूत. कान आधीबी शाबूतच होते म्हणा, पर घरातलं कधी ऐकू आलं न्हाय त्या कानांना.

दावा तो फारम. चष्मा हितंच होता की — हां. लेखकाचे संपूर्ण नाव. जन्मतारीख. शिक्षकी पेशा असल्यास शाळेचे नाव. आन् खाली हे काय बारीक बारीक? ‘सदर ग्रंथातील सर्व लेखन माझे स्वतःचे असून’ — सर्व लेखन. हितं त्यांचा अंगठा घ्यायचा म्हणता. डावा चालंल म्हणता. आन् तो उद्या दुपारपतूर तुमच्या वाचनालयाच्या समितीकडं पोचला की पुस्तक छापायला जाणार, न्हाय तर पुढल्या साली बघू. पुढल्या साली? आत जाऊन बघा एकदा, पुढलं साल कितपत वाटतंय ते. अंगठ्याला काय लागतंय — धरला हात, टेकवला. पर मघाशी काय म्हणालात तुमी, ते परत म्हणा बरं. पेटीचं प्रकरण सगळ्यात सरस. गुरुजींची लेखणी तितं फुललीय. समितीच्या बैठकीत सगळ्यांनी तेवढंच मोठ्यानं वाचलं. व्हय, तेच. चहा घ्या आधी. मला नको, माझा सोमवार हाय. सोळातला अकरावा.

न्हाय, मला एक कळत न्हाय, अकरा वर्षं एखाद्या माणसानं कुणापायी घालवावीत? हॉलंडच्या ग्रोशियसपायी? चारशे वर्षांपूर्वीचा माणूस, ना गावचा ना गणगोताचा. शाळेच्या रद्दीत त्याच्यावरचं एक विंग्रजी पुस्तक घावलं, पुठ्ठा निघालेलं, वाळवी लागलेलं, आन् आमच्या घरात तो ग्रोशियस जावयासारखा येऊन बसला. उठता बसता त्याचं कवतिक. अकराव्या वर्षी विद्यापीठात गेला. पंधराव्या वर्षी वकिलांच्या, म्हणजे राजदूतांच्या, मेळ्यात फ्रान्सच्या राजापुढं गेला, राजा म्हणाला हा बघा हॉलंडचा चमत्कार. ह्या चमत्काराला पानं किती दिलीत माहितीय? साठ. मग त्या बार्नेवेल्टचं, ज्या म्हाताऱ्या कारभाऱ्याचं बोट धरून हा वर चढला त्याचं. सगळा मुलूख त्यानं उभा केला आन् एकाहत्तराव्या वर्षी त्याचंच मुंडकं उडवलं भर दरबाराच्या चौकात, आन् ह्याला दिली जन्मठेप. कशावरनं पेटलं? तर देवानं माणसाचं नशीब आधीच पक्कं केलंय का माणसाच्या हातात बी काय ठिवलंय, ह्यावरनं दोन तट. आतनं राज्याची ओढाताण होती म्हणा, पर निमित्त हे. अवो, हे कोडं आमच्या विहिरीवर बाया धुणं आपटता आपटता सोडवत्यात, आन् पिळे खांद्यावर टाकून आपापल्या घरी जात्यात. पुरुषांना त्याला तलवार लागती.

आमच्या ह्यांना तो का आवडला ते सांगू? त्यानं लढाईचा आन् तहाचा कायदा लिवला म्हणून. म्हणजे राजाराजांनी भांडावं कसं आन् मिटवावं कसं. आन् आमचे हे कोण? निरवांगीपासून कऱ्हाटीपतूर कुणाचा बांध कोरला, कुणाचं पाणी तुटलं, कुणाची सोयरीक मोडली, की चला गुरुजींकडं. गुरुजी सतरंजीवर बसून दोन्हीकडचं ऐकणार, ‘दोघांचंबी बरोबर हाय’ म्हणणार. त्या ग्रोशियसचंबी तेच. ह्या पंथाला त्या पंथाशी जोडायला गेला, दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. अख्ख्या युरोपाला तह शिकवला, पर त्याचं स्वतःचं गाव त्याला आत घेईना. आन् आमच्या गुरुजींनी सगळ्या तालुक्याचे बांध सरळ केले, सख्खा भाऊ सोनबा पलीकडच्या दारात राहतो, नऊ वर्षं एकमेकांकडं बघत न्हाईत. कशापायी? एका लिंबाच्या झाडापायी. त्याला काय कायदा न्हाय पुस्तकात.

तर पेटी. त्याला टाकला किल्ल्यात, दोन नद्यांच्या संगमावर — आमचं नीरा-नरसिंगपूर बघितलंत ना, तसं, फक्त देऊळ न्हाय, तुरुंग. मारिया, त्याची बायको, आपणहून आत राहायला गेली. बाहेरनं पुस्तकांची पेटी यायची, वाचलेली परत जायची. पहिल्यांदा पहारेकरी उघडून बघायचे, मग कंटाळले. पुरुषांचा कंटाळा हेरायला बायकोच लागती. तिनं हेरलं. नवऱ्याला पेटीत निजवून बघितला, किती वेळ दम काढतो म्हणून. एक दिवस त्याला आत घातलं, कुलूप लावलं, आन् शिपायांच्या खांद्यावर दिला. बरोबर मोलकरीण पोर धाडली. शिपाई म्हणाले लई जड हाय, तर मारिया हसून म्हणते, पुस्तकंच तशी जड. तो पार पलीकडं जाऊन गवंड्याच्या कपड्यात परमुलखात निसटला, आन् ही मागं. त्याचे कपडे खुर्चीवर, पलंगाचा पडदा ओढलेला, आन् विचारणाऱ्याला सांगायचं — बरं न्हाय त्यांना, झोपल्यात.

एवढं सगळं तिनं केलं आन् आमच्या गुरुजींनी तिला दिल्या आठ ओळी. मोजल्या मी. ‘पत्नी मारिया हिच्या साहाय्याने ग्रोशियस बंदिवासातून निसटले.’ साहाय्याने. जशी काय तिनं शिडी धरली होती. त्याच्या पॅरिसच्या वकिलीला, ती स्वीडनच्या राणीची दहा वर्षांची वकिली, तिला शंभर पानं, त्यातलं अर्धं कुणाची गाडी कुणाच्या पुढं चालायची ह्याचं भांडण. मी म्हटलं न्हाय त्यांना काय. म्हणायचं कसं, झटका आलेला. मी उतरवत होते, आठव्या ओळीवर लेखणी थांबली ती पंधरा दिवस उचलंना. मग ट्रंकेखालची त्यांची टाकलेली कागदं काढली. हजेरीपत्रकाच्या पाठीवर सगळं लिवलेलं, विंग्रजीवरनं उतरवलेलं, पेटीचं माप, मोलकरणीचं नाव, सगळं, आन् त्यावर आडवी रेघ मारून शेरा — बायकी तपशील.

— व्हय. मी लिवलं ते. सातवी झालीय माझी. कळलं असतंच तुमाला कधी ना कधी. पेटी, शिपाई, खुर्चीवरचे कपडे, हे पुस्तकातलं, ते खरं. पर तिनं त्या दिवशी दोघांची ताटं वाढली आन् दोन्ही ताटातलं थोडं थोडं खाल्लं, ज्याच्यावर तुमची समिती रडली म्हणता, ते कुठंच न्हाय. ती ताटं मी वाढलीत. कारण मला ठाऊक हाय ते कसं करत्यात. अकरा वर्षं केलंय. लोक भांडणं घेऊन दारात यायचे, आन् हे मागल्या दारानं विहिरीवरल्या मोटारीच्या खोपीत जाऊन लिवत बसायचे. दारात मी उभी. काय सांगायची? बरं न्हाय त्यांना, झोपल्यात. कुणाची कितीबी आबदा, हाल होऊ देत, तेच. सख्खा भाऊ सोनबा, लिंबाचं मिटवू म्हणून एकदाच उंबऱ्यापतूर आला, त्यालाबी तेच सांगितलं मी. तो जो फिरला तो आजतागायत. खरं तर ते चांगले धडधाकट बसले होते खोपीत, पंधरावं प्रकरण लिवत. अकरा वर्षं बरं न्हाय, बरं न्हाय म्हणाले मी, आन् शिमग्याला देवानं ते खरं करून माझ्या हातात दिलं.

न्हाय, रडत न्हाय. धूर हाय चुलीचा. — हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुमाला का सांगितलं कुणास ठाऊक. पर त्यासाठी धरलेत सोमवार. पुस्तक त्यांच्या हातात यावं, डाव्या का हुईना. आन् तुमी मला त्यांचा अंगठा खोट्यावर टेकवायला सांगता, तेबी सोमवारच्या दिवशी. सर्व लेखन माझे स्वतःचे. न्हाय जमायचं. पेटीचं प्रकरण फाडून काढा म्हणलं तर काढते आत्ता. काढू? — न्हाय ना. मग समिती पुस्तकच ठिवून देईल. हां. मग दुसरं काय सुचतंय तुमाला? सांगा की, पुटपुटू नका. आतल्या पानावर लिवायचं... ‘सौ. सिंधुबाई यांच्या साहाय्याने’?

वा. शिकलेला माणूस. चारशे वर्षं झाली, शब्द तोच. तुमच्या समितीला एवढ्या पुस्तकांतनं दुसरा शब्द घावला न्हाय. मला ओळ नको आतल्या पानावर, उपकार मानून मला काय करायचंय. ते पेन काढा. फारमावरल्या नावाच्या कोऱ्या जागेवर लिवा. नाव घेते मी, बत्तीस वर्षांनी घेते, मोठ्यानं घेते, आतपतूर जाऊ दे —

वकिलीला पानं शंभर, मारियाला ओळी आठ,
आबाजीरावांच्या नावाला लिवा सिंधूची गाठ.

लिवलंत? एकच रेघ हाय, दोन नावं मावायची न्हाईत? मग बारीक अक्षरात लिवा, आमाला सवय हाय. त्यांचं पहिलं, माझं त्याला लागून, मधी ‘साहाय्य’ घातलंत तर फारम चुलीत जाईल. आता हितंच ठिवा तो. त्यांचा अंगठा आन् माझी सही घेऊन उद्या सकाळच्या यष्टीनं मी स्वतः आणते बारामतीला. समितीला काय विचारायचं ते मलाच विचारू दे.

— ऐकलंत? खोकला न्हाय तो. हसत्यात. अर्ध्या तोंडानं हसलं की तसाच आवाज येतो. तुमी निघा आता, मला आत जायचंय.