आमच्या अंगणातली रांग

सगळ्यांना सलाम. पाळकसाहेब, पंचमंडळी, गल्लीतल्या बायांनो, पिशोरहून आलेले माझे दीर, सगळे आलात. मी बोलू नये असं घरात सगळ्यांचं मत होतं. रडेल म्हणून नाय. काय बोलून बसेल याचा भरोसा नाय म्हणून.

मी शमुवेलची बायको. सदतीस वर्षं.

मघापासून तिघांनी सांगितलं, शमुवेलभाऊंनी सर्वस्व प्रभूला समर्पण केलं. छान बोललात. मला एकच विचारायचंय. सर्वस्व म्हणजे काय होतं हो त्यांच्याकडं? पिशोरची जमीन भावांनी कसली. इथं मुकुंदवाडीत दोन खोल्या आणि अंगणात एक बोअर. समर्पण झाला तो बोअर. आणि त्याच्यासंगं मी. मला कुणी विचारलं होतं?

नव्या लोकांना माहीत नसेल, म्हणून सांगते. त्या दुष्काळात टँकर आठ-आठ दिवस यायचा नाय. शेजारीपाजारी बोअर मारत होते, नुसती धूळ निघत होती. आम्हाला एकदाच मारणं परवडणार होतं. आमचे हे तीन दिवस गुडघ्यावर, प्रार्थनेत. प्रभू जागा दाखवील म्हणाले. तीन दिवस झाले, काय दिसलं नाय. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन येणार.

आता ऐका. हे ड्यूटीवर गेल्यावर मी पाणाड्याला बोलावलं. व्हय, तोच, तळहातावर नारळ ठेवून चालणारा. पाळकसाहेब, तुम्ही उपदेशात बजावलं होतं, असल्या माणसाला दारात उभं करू नका. मी अंगणभर फिरवलं त्याला. पेरूजवळ नारळ ताठ उभा राहिला. तिथं मी दगड ठेवला. हे घरी आल्यावर म्हणलं, मला वाटतं इथं मारावा. बरं म्हणाले. पाणी लागलं.

रविवारी हे उपासनेत उभे राहिले. साक्ष दिली. पाणी प्रभूनं दिलं, तर पाणी प्रभूचं. पाइप गल्लीत जाईल, कुणाची जात-पात विचारायची नाय, आणि घरच्यांनी शेवटी भरायचं. मी खाली सतरंजीवर बसलेली. तेव्हाच उठून सांगायचं होतं, अहो, जागा पाणाड्यानं दाखवली. पाणी घरात राहिलं असतं. पण तुमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघून माझी हिंमत झाली नाय. तिथं चुकले मी.

मग काय. माझ्या अंगणातला बोअर आणि माझा नंबर शेवटचा. माझ्या वाट्याला तळाचं गढूळ पाणी. तेच गाळायचं, तेच प्यायचं. मागं सात मजली बिल्डिंगी झाल्या, त्यांनी आमच्या दुप्पट खोल बोअर मारले, आमचं पाणी अर्ध्या तासावर आलं. तरी रांग तेवढीच. तुम्ही हंडे लावून घरी चहा प्यायला जायचे आणि हा म्हातारा तुमचे हंडे भरून बाजूला ठेवायचा. तेव्हा कुणाला दिसलं नाय समर्पण? पाइप धरायला एक तरी हात आला?

गेल्या ईस्टरला मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पाणाड्या, नारळ, सगळं. मला वाटलं हे बसतील कपाळाला हात लावून. तर हसले. म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. आपल्या घरी नारळ कधी येतो गं? त्या दिवशी ताटात खोबऱ्याची चटणी होती. मी दोनदा मागून घेतली."

मी म्हणलं, मग मंडळीत खोटं का बोललात?

म्हणाले, "खोटं कुठं? मागितलं ज्याच्याकडं, त्याचेच आभार मानले. आणि तुझं नाव घेतलं असतं तर ह्या लोकांनी तुला जगू दिलं असतं का?"

मला लई राग आला. माणसानं एवढी वर्षं मनात ठेवायचं, आणि मी आपली रोज रात्री देवाची माफी मागतेय.

गेल्या मंगळवारी रांगेत दोघींची नंबरावरून जुंपली. हे मधी गेले. "भांडू नका, गप उभं राहा," म्हणाले, आणि पायरीवर बसले ते उठलेच नाय. त्या दोघी इथं बसल्यात. नाव घेत नाय मी. त्यांचे हंडे मात्र भरले होते त्या दिवशी.

आणि कबरस्तानात माती पडायच्या आधी एका पंचांनी मला विचारलं, "वहिनी, मोटरची किल्ली आता तुमच्याकडंच ना?" लाज वाटायला पाहिजे होती.

पाळकसाहेब काल घरी आले. म्हणाले, ताई, तुम्हीही सगळं प्रभूच्या हाती सोपवा. नाय सोपवत. पाणी घेतलं, माझी कंबर घेतली, निदान माणूस तरी ठेवायचा होता. माझं त्याच्याशी भांडण हाय. ते मी घरी भांडेन, तुम्ही मधी पडू नका.

किल्ली माझ्या पदराला बांधलेली हाय. चार दिवस मोटर बंद ठेवली, बघितलंय तुम्ही. उद्या सकाळी सहाला चालू करीन. तुमच्यासाठी नाय. देवासाठी तर अजिबातच नाय. एवढी वर्षं त्या माणसानं चटणीचं तोंडातून निघू दिलं नाय, त्याच्यासाठी. पण पहिली घागर माझी. ज्याला चालत नसेल त्यानं टँकर बघावा.

आता उभे राहा सगळे. कुणी गाणं सुरू करू नका. पाळकसाहेब, प्रार्थनाही नको. दोन मिनिटं तोंड मिटून घ्या. तो माणूस जन्मभर तुम्हाला तेवढंच सांगत होता. भांडू नका. गप उभं राहा.