पहिल्या पानावरचा फोटो

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, बसपासच्या कचेरीत माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर घडी केलेली पांढरी काठी होती.

"एवढ्या बर्फात मला कशाला घेऊन आलीस गं व्हर्ना? पास तर घरबसल्या वेबसाइटवर मिळतो."

"तुला मिळतो, आर्लीन. माझा कॉम्प्युटर पान वाचून दाखवतो ना, तो नुसता म्हणतो, 'बटण, बटण, बटण.' कसलं बटण, ते त्या शहाण्यांनी लिहिलेलंच नाही! काल दोनदा माझा भरलेला अर्ज पुसला गेला."

"मग सांगायचं त्यांना."

"सांगितलं की! वेबसाइट बनवताना मलाच बोलावलं होतं. तीन तास घसा कोरडा केला मी. 'हो हो' म्हणाले, कॉफी पाजली, फोटो काढला आणि दिलं घरी पाठवून."

"थांब, फोनवर बघते... अय्या! अगं, पहिल्याच पानावर तू आहेस! काठी घेऊन हसतेयस. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सर्वांसाठी सोपी'."

"मी?"

"तूच. हाच निळा स्वेटर."

"ते पान उघडलं की सगळ्यात आधी मला काय ऐकू येतं, ठाऊक आहे? 'चित्र, चार शून्य सात दोन.' फोटोत कोण आहे ते लिहिलेलंच नाही, नुसता फोटोचा नंबर! सहा महिने ऐकतेय. म्हणजे ती मी होय!"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना दिसतं ना!"

"चल, ऊठ. आपला नंबर लागला, सतरा."

"सतरा नाही. खिडकीवर सांग, चार शून्य सात दोन आली आहे."