दार कोणी आपटलं?

खोटं! साफ खोटं! एवढा मोठा पडदा, एवढा अंधार, चारशे माणसं श्वास रोखून बसलेली, आणि त्यांच्या तोंडावर इतकं धडधडीत खोटं? म्हणे, दार तिने आपटलं!

तुम्हाला सांगते, मी तिथे होते. त्या दारापासून चार पावलांवर, टेबलाखाली, गृहपाठ करत, नऊ वर्षांची. दार आपटलं ते बाबांनी. इतक्या जोरात, की भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. आईने काय केलं? कॅलेंडर उचललं, खिळा शोधला आणि दाराला आतून कडी लावली. टक. बस्स, एवढाच आवाज. आणि आता सोळा वर्षांनी बाबांनी सिनेमा काढलाय, आपला संसार कसा मोडला त्याचा, आणि त्यात नवरा बिचारा खिडकीत बसून डोळे पुसतोय, आणि बायको... म्हणे, दार तिने आपटलं!

मला कसं कळलं? अहो, माझ्याच हातात आला की तो! मी सिनेमाला आवाज देते. म्हणजे बोलण्याचे नाहीत, बाकीचे. नट पडद्यावर चालतो ना, ती पावलं माझी असतात; स्टुडिओत त्याच्या मापाचे बूट घालून मी चालते. हाड मोडायचं असलं की गाजर मोडते, मिठी मारायची असली की जुनं जाकीट पिळते. तर बाबांचा फोन, आवाज असा मधात बुडवलेला, "बाळा, तूच कर गं. घरचंच काम आहे. तुझ्याइतकं हळवं कोण करणार?"

हळवं! म्हटलं, करते ना. अगदी घरचंच करते!

पडद्यावर तो देखणा नट विरहाने व्याकूळ होऊन चहाचा कप ओठाला लावतो. मी काय केलं? बाबांचा भुरका दिला. अस्सल! सुर्रर्र... आणि मागून तो "हाऽऽ"! बायको रडत काहीतरी सांगतेय, नट मान खाली घालून ऐकतोय, मांडीवर पेपर. मी पेपर खसखसवला आणि एकेक बोट मोडलं. कट, कट, कट, दहाच्या दहा! नट उठून तिच्याकडे जातो, प्रेमाने बरं का, तर मी चपला फरफटवल्या. आईने ताट वाढून हाका मारल्यावर, तिसऱ्या हाकेला, आमच्या घरात फरफटायच्या तशा.

आणि दार? चित्र बदलणं माझ्या हातात नव्हतं. नटी दाराला असा हिसका देते की फळी निखळावी. मी फक्त कडी लावली. टक.

मग बाबा ऐकायला आले. आता ओळखणार, आता हाकलणार... भुरका आला. बाबांनी डोळे मिटले, "वा! किती जिवंत!" बोटं मोडली. "वा!" अहो, हे म्हणताना ते स्वतः बोटं मोडत होते! माणसाला स्वतःचे आवाज ऐकूच येत नाहीत का हो? अडले फक्त दाराशी. "इथे धाडकन पाहिजे." मी म्हटलं, "बाबा, धाडकन वाजलं की तिचा राग ऐकू येतो. हळू वाजलं की तुमचं दुःख." मग माझ्या पाठीवर थाप, "लेक कोणाची!"

आईला म्हटलं, पहिल्या खेळाला चल, चारचौघांत तुला न्याय मिळणार आहे. आई म्हणाली, "मी बारा वर्षं पाहिलाय तो. तू जा."

गेले. आणि तुम्हाला सांगते, जमलं! पहिल्याच भुरक्याला कोणीतरी फिसकन हसलं. बोटं मोडली तशी मागची बाई करवादली, "अरे मेल्या, ऐक की तिचं!" आणि दाराशी... टक... अख्खं थिएटर चिडीचूप. एकालाही, एकालाही वाटलं नाही की दार तिने आपटलं! मी अंधारात मुठी आवळल्या. घ्या! सोळा वर्षांचं उट्टं!

दिवे लागले. आता लोक बाबांना फाडून खाणार, ते बघायला मी पुढे धावले, तर काय? गराडा! "काय हा प्रामाणिकपणा!" "स्वतःला सोलून काढलंत हो!" पांढऱ्या दाढीचे एक समीक्षक तर हातच सोडेनात. आणि बाबा? क्षणभर गोंधळले. क्षणभरच हं! मग हात छातीवर, "कलावंताने स्वतःला माफ करायचं नसतं." अहो, पण गुन्हा कोणता ते तरी ठाऊक आहे का? आणि वर माझ्याकडे बोट, "सगळे आवाज हिचे बरं का!" टाळ्या! आता काय सांगू मी यांना? सांगितलं असतं तर पुन्हा तेच, लेक कोणाची!

तणतणत निघाले. बाहेरच्या दारापाशी तिकिटं तपासणारी बाई बॅटरी घेऊन उभी होती. मी बाहेर पडले, तिने माझ्यामागे दार हळूच ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"ताई, तो चहाचा आवाज... आमच्या घरी कधी येऊन गेलात?"